ज्याने पैसे लावले त्याचीच केस, आणि जज म्हणतात मी बाजूला होणार नाही

अमेरिकेतलं कोर्ट म्हटलं की आपल्याकडच्या बातम्यांत वॉशिंग्टनचं सुप्रीम कोर्टच येतं, ते नऊ न्यायमूर्ती, राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे, सिनेटने मंजूर करायचे आणि मग आयुष्यभर खुर्ची. पण साध्या माणसाचा कोर्टाशी जो संबंध येतो तो बहुतेक वेळा राज्याच्या कोर्टाशी. घटस्फोट, अपघात, घरमालकाशी भांडण, चोरी, खून, धंद्यातला मोडलेला करार, हे सगळं तिथे चालतं. आणि राज्यांच्या कोर्टांतले जज बऱ्याच ठिकाणी निवडणुकीतून येतात. ५० पैकी ३९ राज्यांत कुठल्या ना कुठल्या पातळीवरचे जज मतदारांसमोर जातात, म्हणजे प्रचार, टीव्हीवर जाहिराती, फंड गोळा करणं, काही राज्यांत तर मतपत्रिकेवर नावापुढे पक्षसुद्धा छापलेला असतो.

आपल्याला हे ऐकून धक्का बसतो, पण याची सुरुवात चांगल्या हेतूने झालेली. १८३२ मध्ये मिसिसिपीने सगळे जज लोकांनी निवडायचे ठरवलं, पुढे बाकीची राज्यं त्याच वाटेने गेली, कारण तोपर्यंत जज म्हणजे गव्हर्नर आणि आमदारांच्या मर्जीतली माणसं असायची. लोकांनी निवडला तर जज कुणाचा मिंधा राहणार नाही, असा विचार. त्यातही पक्षांचे दादा घुसले तेव्हा मिसुरीने १९४० मध्ये वेगळा मार्ग काढला, एक समिती नावं सुचवणार, गव्हर्नर त्यातलं एक नेमणार, आणि काही काळाने मतदार फक्त 'ठेवा' किंवा 'काढा' एवढंच सांगणार. बऱ्याच राज्यांनी ही पद्धत उचलली.

आता यात पैसा कुठून आला ते बघू. अमेरिकेत निवडणुकीच्या पैशाबद्दल १९७६ च्या बकली खटल्यात सुप्रीम कोर्टाने एक फरक केला आणि तो आजही चालू आहे. उमेदवाराच्या हातात तुम्ही थेट किती पैसे देता यावर सरकार मर्यादा घालू शकतं, पण उमेदवाराला न विचारता, स्वतंत्रपणे, तुम्ही त्याच्या बाजूने जाहिरातींवर किती खर्च करता त्याला मर्यादा घालता येत नाही, कारण तो तुमच्या बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग. २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेड खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी हेच कंपन्यांना आणि युनियन्सनाही लागू झालं. आमदार-खासदारांच्या निवडणुकीत यावरून कितीही वाद घाला, पण जजच्या बाबतीत प्रश्न वेगळ्याच जातीचा होतो. आमदाराने आपल्या समर्थकांचं ऐकावं ही निदान अपेक्षा तरी असते, जजने समर्थकांचं ऐकलं तर समोरच्या पक्षकाराचा जीव जातो.

आणि इथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा लाच हा नाहीये. लाचेला कायदा आहे, पुरावा मिळाला तर माणूस तुरुंगात जातो. मी बोलतोय ते पूर्ण कायदेशीर पैशाबद्दल. तुमच्या निवडणुकीत ज्याने पैसा ओतला त्याचीच केस तुमच्यासमोर आली तर तुम्ही बाजूला व्हायचं की नाही, आणि मुख्य म्हणजे हे ठरवणार कोण? मुंबई हायकोर्टात वावरणाऱ्या वकिलांना 'नॉट बिफोर मी' हा शब्द चांगला माहीत असतो, जज स्वतःहून सांगतात की ही केस माझ्यासमोर नको. अमेरिकेतही तसंच आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तो निर्णय शेवटी ज्याच्यावर आक्षेप आहे त्याच जजच्या हातात असतो.

हे काय करू शकतं ते वेस्ट व्हर्जिनियात दिसलं. हे कोळशाच्या खाणींचं, डोंगराळ राज्य. ह्यू कॅपर्टन नावाच्या माणसाची हार्मन मायनिंग ही छोटी खाण कंपनी होती, तिचा कोळसा घेण्याचा करार मॅसी या बलाढ्य कोळसा कंपनीच्या हातात गेला आणि मॅसीने तो मोडला, हार्मनचं दिवाळं निघालं. कॅपर्टन कोर्टात गेले. २००२ मध्ये बून काउंटीतल्या ज्युरीने निकाल दिला, मॅसीने फसवणूक केली, ५ कोटी डॉलर भरपाई द्या. मॅसी अपिलात जाणार हे उघडच होतं, आणि अपील ऐकणार होतं राज्याचं सुप्रीम कोर्ट, जिथे पाच न्यायमूर्ती, सगळे निवडून आलेले.

२००४ मध्ये त्या पाचपैकी एका जागेची निवडणूक होती. खुर्चीवर होते वॉरन मॅकग्रॉ, समोर ब्रेंट बेंजामिन नावाचे वकील. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी बेंजामिनना थेट दिले १००० डॉलर, कारण कायद्याची मर्यादा तेवढीच. मग जवळपास २५ लाख डॉलर दिले मॅकग्रॉविरुद्ध प्रचार करणाऱ्या एका गटाला, ज्याचं नाव मुलांच्या भल्याशी जोडलेलं होतं, आणि वर स्वतः ५ लाखांहून जास्त खर्च केले जाहिराती आणि पत्रांवर. एकूण ३० लाख डॉलर. बेंजामिन यांच्या स्वतःच्या प्रचार समितीने जेवढा खर्च केला त्याच्या तिप्पट. जाहिरातींत कोळशाचा 'क' सुद्धा नव्हता, त्यांत होतं की मॅकग्रॉंनी लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या गुन्हेगाराला मोकळं सोडलं. घरात बसून टीव्ही बघणाऱ्या आईबापांना काय कळणार की या जाहिरातीमागे ५ कोटींचं एक अपील आहे. बेंजामिन ५३ टक्के मतं घेऊन निवडून आले.

मग अपील आलं. कॅपर्टनच्या वकिलांनी अर्ज केला की बेंजामिननी बाजूला व्हावं, त्यांनी नकार दिला. नोव्हेंबर २००७ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी ५ कोटींचा निकाल उलटला, बेंजामिन त्या तिघांत होते. त्यानंतर त्याच तिघांतल्या दुसऱ्या एका न्यायमूर्तींचे, मेनार्ड यांचे, ब्लँकनशिप यांच्यासोबत फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवतानाचे फोटो बाहेर आले. मेनार्ड बाजूला झाले. ब्लँकनशिपवर जाहीर टीका करणारे न्यायमूर्ती स्टार्चर हेही बाजूला झाले, आणि त्यांनी बेंजामिनना सांगितलं की तुम्हीही व्हा. बेंजामिन झाले नाहीत, उलट त्या वेळी हंगामी मुख्य न्यायमूर्ती ते असल्यामुळे बाजूला झालेल्या दोघांच्या जागी कुठले जज बसवायचे हेही त्यांनीच निवडलं. पुन्हा सुनावणी झाली, पुन्हा ३ विरुद्ध २, पुन्हा मॅसी जिंकली.

बेंजामिन यांची बाजूही नीट सांगायला हवी. त्यांचं म्हणणं होतं की मी काही ब्लँकनशिपकडे पैसे मागायला गेलो नव्हतो, खर्च त्यांनी स्वतंत्रपणे केला, आणि मॅसीच्या विरोधात जाणारी मतंही मी दुसऱ्या केसेसमध्ये दिलेली आहेत. हे खोटं नव्हतं. त्यांच्या मनात खरंच पक्षपात होता हे कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि मला वाटतं सिद्ध करताही येत नाही, कारण माणसाला स्वतःला तरी कुठे कळतं की आपल्या मनाचा काटा कशामुळे झुकला. म्हणूनच हा प्रश्न त्या माणसावर सोडणं चुकीचं आहे, मग तो कितीही प्रामाणिक असो.

केस वॉशिंग्टनला गेली. ८ जून २००९ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की बेंजामिननी बाजूला व्हायलाच हवं होतं. न्यायमूर्ती केनेडींनी लिहिलेल्या निकालाचा गाभा हा, की जज खरोखर पक्षपाती होता का हे शोधायची गरज नाही, अशा परिस्थितीत कुठल्याही माणसाच्या बाबतीत पक्षपाताचा गंभीर धोका आहे का, एवढंच बघायचं. पैसा किती, एकूण खर्चात त्याचा वाटा किती, निवडणुकीवर त्याचा परिणाम काय, आणि पैसा दिला तेव्हा केस येणार हे माहीत होतं का. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स विरोधात होते, त्यांनी आपल्या मतात तब्बल ४० प्रश्न विचारले, की किती पैसा म्हणजे जास्त पैसा, किती वर्षं हा नियम लागू, पैसा पक्षकाराने न देता त्याच्या धंद्यातल्या संघटनेने दिला तर काय, वगैरे. खरं सांगायचं तर ते प्रश्न बरोबर होते. पण उत्तर अवघड आहे म्हणून प्रश्नच सोडून द्यायचा हे मला पटत नाही.

पुढे काय झालं ते वाचून त्रास होतो. केस परत वेस्ट व्हर्जिनियाला गेली, यावेळी बेंजामिन नव्हते, आणि तरीही ४ विरुद्ध १ मतांनी मॅसीच जिंकली, कारण कोर्ट म्हणालं की करारानुसार हा दावा शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात लावायला हवा होता. आता तुम्हीच सांगा, ते मुळात कायद्याने बरोबर असेलही, पण एवढं सगळं होऊन गेल्यावर कॅपर्टननी त्या निकालावर विश्वास कसा ठेवायचा? नुकसान इथे होतं. योग्य निकालसुद्धा संशयाने नासतो. ५ एप्रिल २०१० ला मॅसीच्या अप्पर बिग ब्रँच खाणीत स्फोट होऊन २९ कामगार मेले, आणि २०१५ मध्ये ब्लँकनशिप खाणीच्या सुरक्षेचे नियम मोडण्याच्या कटात दोषी ठरले, वर्षभर तुरुंगात गेले. बेंजामिन २०१६ मध्ये निवडणूक हरले.

त्याच २००४ मध्ये इलिनॉयमध्येही असंच काही घडलेलं. स्टेट फार्म या विमा कंपनीवर १०० कोटी डॉलरहून मोठा दंड बसलेला, अपील राज्याच्या सुप्रीम कोर्टात पडून, आणि मध्येच एका जागेची निवडणूक, दोन्ही उमेदवारांनी मिळून ९० लाखांहून जास्त डॉलर उभे केले. निवडून आलेले न्यायमूर्ती कारमायर बाजूला झाले नाहीत आणि २००५ मध्ये दंड रद्द करण्याच्या बाजूने त्यांनी मत दिलं. नंतर ग्राहकांनी दावा लावला की कंपनीने त्यांच्या प्रचारात लपवून पैसा घातला होता. कंपनीने आरोप नाकारला, पण २०१८ मध्ये २५ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. वेस्ट व्हर्जिनियात निदान पैसा कुणाचा हे सगळ्यांना दिसत तरी होतं.

कॅपर्टनच्या निकालानंतर कुणाला वाटेल की राज्यं नियम कडक करतील. काहींनी केले. मिशिगनने २००९ मध्येच ठरवलं की राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या जजने बाजूला व्हायला नकार दिला तर बाकीचं कोर्ट त्यावर निर्णय देईल. पण विस्कॉन्सिनने २०१० मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी उलटं केलं, नियमच केला की केवळ प्रचाराला देणगी मिळाली एवढ्यावरून जजला बाजूला व्हायची गरज नाही, आणि या नियमाचे शब्द आले होते उद्योजकांच्या आणि घरखरेदी-विक्रीच्या धंद्यातल्या संघटनांकडून. २०१७ मध्ये ५४ निवृत्त जजनी अर्ज केला की मोठ्या देणगीदारांच्या केसमध्ये जजने बाजूला व्हावं असा नियम करा, तो ५ विरुद्ध २ ने फेटाळला गेला. सरकारी पैशातून जजच्या निवडणुकीचा खर्च करायची योजना तिथे २००९ मध्ये आली होती, ती २०११ मध्ये एका निवडणुकीत वापरली आणि त्याच वर्षी बंद केली. वर २०१५ च्या कायद्याने पक्षांना कितीही देणगी घेता येऊ लागली आणि पक्ष ती उमेदवाराला कितीही देऊ शकतात. म्हणजे दार चारही बाजूंनी उघडलं.

मग विस्कॉन्सिनमध्ये पैसा आलाच. २०२३ ला जॅनेट प्रोटासिएविच विरुद्ध डॅन केली, एका राज्यातल्या एका जजच्या खुर्चीसाठी ५ कोटी डॉलरहून जास्त खर्च. कागदावर या निवडणुका पक्षविरहित आहेत बरं का, पण राज्याच्या डेमोक्रॅटिक पक्षाने प्रोटासिएविच यांना जवळपास १ कोटी डॉलर दिले, आणि प्रचारात त्यांनी राज्याचे मतदारसंघाचे नकाशे पक्षपाती आहेत असं उघड म्हटलं. मी डेमोक्रॅटिक पक्षाने आणलेल्या केसेसमध्ये बसणार नाही असंही सांगितलं. निवडून आल्या, लगेच नकाशांची केस आली, ती पक्षाने दाखल केलेली नव्हती, त्यामुळे त्या बाजूला झाल्या नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी नकाशे रद्द झाले, चौघांत त्या होत्या. ते नकाशे वाईट होते असं मलाही वाटतं. पण जो नियम ब्लँकनशिप यांच्या पैशाला लावायचा तोच इथेही लावायला हवा, निकाल आपल्याला आवडला म्हणून सूट देता येत नाही. आणि रिपब्लिकन आमदार त्यांच्यावर महाभियोगाची धमकी देत होते, तेही त्याच २०१० च्या नियमाकडे पाठ फिरवून, जो त्यांच्याच बाजूच्या जजनी केलेला.

२०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच कोर्टाच्या आणखी एका जागेसाठी सुझन क्रॉफर्ड विरुद्ध ब्रॅड शिमेल, आणि खर्च गेला १० कोटी डॉलरच्या आसपास. इलॉन मस्क आणि त्यांच्याशी जोडलेल्या गटांनी शिमेलसाठी २ कोटींहून जास्त ओतले, मस्क स्वतः ग्रीन बे शहरात येऊन दोन मतदारांना प्रत्येकी १० लाख डॉलरचे चेक देऊन गेले. दुसऱ्या बाजूला जॉर्ज सोरोस यांनी डेमोक्रॅटिक पक्षाला २० लाख दिले, इलिनॉयचे गव्हर्नर प्रिट्झकर यांनी १५ लाख. क्रॉफर्ड साधारण १० टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. म्हणजे पैसा नेहमी जिंकतो असं नाही, मतदार चिडले तर उलटाही फिरतो. पण जिंकणारी व्यक्तीसुद्धा कोट्यवधींच्या पैशावर बसूनच कोर्टात जाते हे तसंच राहतं.

पक्षाचं गणित अगदी स्वच्छ बघायचं तर नॉर्थ कॅरोलायना बघा, जिथे जजच्या नावापुढे पक्ष छापतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की एका पक्षाच्या सोयीने मतदारसंघ कापणं राज्यघटनेविरुद्ध आहे. नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली, कोर्ट ५ रिपब्लिकन आणि २ डेमोक्रॅट असं झालं, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच कोर्टाने तीच केस पुन्हा ऐकून तोच निकाल ५ विरुद्ध २ ने उलटवला. घटना तीच, कायदा तोच, बदलली फक्त खुर्चीवरची माणसं. २०२२ ला राज्यातून काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांचे ७-७ खासदार गेले होते, नवीन नकाशावर २०२४ ला १० रिपब्लिकन आणि ४ डेमोक्रॅट गेले.

या सगळ्यात जो माणूस कुणाच्याच नजरेत येत नाही तो म्हणजे आरोपी. कोळसा कंपनीकडे वकील असतात, पक्षांकडे पैसा असतो, पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याचं काय? वॉशिंग्टन राज्यातल्या शिक्षांच्या अभ्यासात दिसलं की जजची निवडणूक जवळ आली की गंभीर गुन्ह्यांतल्या शिक्षा साधारण १० टक्क्यांनी वाढतात. गुन्हा तोच, फक्त तारीख वेगळी. अलाबामात तर २०१७ पर्यंत असा कायदा होता की ज्युरीने जन्मठेप सुचवली तरी जज ती बाजूला सारून फाशी देऊ शकतात, आणि ते जज पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले. मॅकग्रॉंविरुद्धची ती जाहिरात आठवा, कोण जज आपल्यावर तशी जाहिरात ओढवून घेईल? मला या विषयात सगळ्यात जास्त राग येतो तो इथे.

मग सगळे जज नेमा, निवडणूकच नको, असं म्हणावं तर तीही सरळ वाट नाहीये. २०१६ च्या मार्चमध्ये ओबामांनी वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टासाठी मेरिक गारलंड यांना सुचवलं, सिनेटने निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून सुनावणीच घेतली नाही. २०२० मध्ये मात्र त्याच सिनेटने एमी कोनी बॅरेट यांना निवडणुकीच्या आठ दिवस आधी मंजुरी दिली. आणि बाजूला होण्याचा प्रश्न तिथेही जसाच्या तसा आहे. २०२३ मध्ये बातम्या आल्या की न्यायमूर्ती थॉमस अनेक वर्षं एका अब्जाधीश मित्राच्या खर्चाने महागडे प्रवास करत होते आणि ते जाहीर केलेले नव्हते, त्यांचं म्हणणं होतं की जवळच्या मित्राचा पाहुणचार जाहीर करायची गरज नाही असा सल्ला त्यांना मिळालेला. त्या गदारोळानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःसाठी आचारसंहिता काढली, पण ती मोडली तर काय आणि कोण बघणार याची काहीच सोय त्यात नाही. केसमधून बाजूला व्हायचं की नाही हे प्रत्येक न्यायमूर्ती अजूनही स्वतःच ठरवतात.

म्हणून मला वाटतं की निवडणूक की नेमणूक यावर भांडण्याआधी हा एक नियम धरायला हवा, आक्षेप ज्याच्यावर आहे त्याने त्याचा निकाल देऊ नये. हे काही स्वप्नातलं नाहीये. टेक्सास, जिथे जज पक्षाच्या तिकिटावर लढतात, तिथेही खालच्या कोर्टातल्या जजने बाजूला व्हायला नकार दिला तर अर्ज दुसऱ्या जजकडे जातो, आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टात ज्याच्यावर आक्षेप आहे त्याला वगळून बाकीचे ठरवतात. पैसा त्याने थांबत नाही, बकलीच्या निकालामुळे तो थांबवणं जवळजवळ अशक्यच आहे, पण पैसा लावून नेमकी आपलीच केस त्या जजपुढे न्यायची खात्री उरत नाही, आणि तसं झालं तर पैसा लावायचं एक मोठं कारणच जातं.

ह्यूस्टन, डॅलस, कॅरीसारख्या ठिकाणी राहणारी, नागरिकत्व घेतलेली मराठी माणसं आता कमी नाहीत, आणि त्यांच्या मतपत्रिकेवर ही जजची लांबलचक यादी असतेच, बरेच जण वरच्या दोन-तीन मोठ्या पदांवर शिक्के मारून खाली पक्ष बघून टिकमार्क करतात. २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत पक्षाच्या लाटेत सगळ्या जागा डेमोक्रॅट जजना गेल्या, त्यात चांगलं काम करणारे रिपब्लिकन जजही वाहून गेले असतील, ते बघायला कुणी थांबलं नाही. उमेदवार भेटायला आले, मंडळाच्या कार्यक्रमात आले, तर त्यांना एक गोष्ट विचारता येते, की तुमच्या प्रचाराला पैसे देणाऱ्या वकिलाची किंवा कंपनीची केस आली तर किती रकमेच्या वर तुम्ही बाजूला व्हाल. जजच्या उमेदवाराला मी कायद्याच्या प्रश्नांवर बोलू शकत नाही असं म्हणायची सवय असते, पण २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिनेसोटाच्या खटल्यात सांगून टाकलंय की उमेदवाराला आपली मतं मांडण्यापासून राज्य रोखू शकत नाही, आणि हा प्रश्न तर कुठल्याही केसबद्दल नाही, त्यांच्या स्वतःबद्दल आहे. आकडा सांगायला लावा, आणि देणगीदारांची यादी काउंटीकडे किंवा राज्याच्या निवडणूक विभागाकडे बघायला मिळते, ती त्या आकड्याशी ताडून बघा.